फिरत्या बिऱ्हाडाचा लांबलेला मुक्काम

मोटारीमागे जोडून ओढता येणारे, आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा शौचालयाचीही सोय असलेले घर अमेरिकेत 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणून ओळखले जाते, आणि बारा महिने अशाच घरात राहणाऱ्यांना तेथे 'फुलटायमर' म्हणतात. या राहणीविषयी जे लिहिले गेले आहे ते मुख्यतः रस्त्यांविषयी आणि गाड्यांविषयी आहे. प्रवास का थांबतो, याची चर्चा त्यात इंजिनाच्या बिघाडापलीकडे क्वचितच जाते. वस्तुतः गाडीचा बिघाड आठवड्याभरात निस्तरतो, पण गावी एकटी राहणारी आई न्हाणीघरात पडून तिचे खुब्याचे हाड मोडले, तर बिऱ्हाड वर्षभरही जागचे हलत नाही.

आरंभीच्या पिढीपुढे हा प्रश्न फारसा आला नसावा. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही संघटना स्थापन झाली, १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ॲल्युमिनियमचा 'क्लिपर' ट्रेलर बाजारात आला, आणि पुढे थंडी टाळण्यासाठी दक्षिणेकडे उतरणाऱ्यांत निवृत्तांचा भरणा वाढत गेला. त्यांच्यापैकी अनेकांचे आईवडील तोवर हयातच नव्हते. आयुर्मान वाढले तसे साठीतल्या निवृत्ताला पंच्याऐंशीची आई असणे नवलाचे राहिले नाही, आणि मोबाइल इंटरनेटमुळे चाळिशीतली नोकरदार जोडपीही ट्रेलरमध्ये राहू लागली, तेव्हा दूरच्या आईवडिलांची काळजी हा या राहणीचा नित्याचा भाग झाला.

वृद्धांच्या पडण्यातून होणाऱ्या इजांमध्ये खुब्याच्या अस्थिभंगाचा परिणाम विशेष दूरगामी असतो. शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत उरकतात आणि रुग्णाला बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकरच्या, म्हणजे दोन्ही हातांनी धरून पुढे सरकवायच्या चौपायी आधाराच्या, साहाय्याने उभे करतात. परंतु गेलेली शक्ती परत येण्यास कित्येक महिने लागतात, आणि सगळ्यांची ती पूर्णपणे परत येतेच असे नाही. परावलंबन मोजण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पट्टी मुख्यतः याच रुग्णांच्या अभ्यासातून निघाली. क्लीव्हलंड येथील बेंजामिन रोझ रुग्णालयातील सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ती प्रसिद्ध केली. आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा क्रियांपैकी किती क्रिया माणूस आपल्या आपण करतो, हे तीत पाहिले जाते. बरे होताना जेवण आणि मलमूत्रावरील ताबा आधी परततो, त्यानंतर उठबस आणि शौचास जाणे जमू लागते, आणि कपडे व आंघोळ ही अगदी शेवटी साधतात, म्हणजे लहान मूल या गोष्टी साधारण ज्या क्रमाने शिकते तोच हा क्रम, असे त्यांचे निरीक्षण होते.

या क्रमाला धोरणाच्या दृष्टीने जे महत्त्व आहे, ते पुरेसे लक्षात घेतले गेलेले दिसत नाही. १९६५ साली कायद्याने मंजूर झालेली मेडिकेअर, म्हणजे प्रामुख्याने पासष्टीपुढील नागरिकांसाठी असलेली सरकारी आरोग्य विमा योजना, रुग्णालयातील वास्तव्यानंतर प्रशिक्षित परिचर्येच्या केंद्रातील १०० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला साहाय्य करते आणि त्यांतील पहिल्या २० दिवसांचा खर्च पूर्ण उचलते. परंतु केवळ आंघोळीला किंवा कपडे घालण्याला मदत हवी असेल तर तिचे पैसे ती देत नाही. जे सर्वांत उशिरा परत येते, तेच असे कुटुंबावर सोपवलेले आहे. १९९३च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्याने आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते खरी, पण सासूसासरे त्यात येत नाहीत, आणि वर्षभराची नोकरी व मागील बारा महिन्यांत १,२५० तासांचे काम या अटी कॅम्पग्राउंडवर हंगामी काम करून पुढे जाणाऱ्याला सहसा पुऱ्या करता येत नाहीत.

म्हणून ट्रेलर आईवडिलांच्या आवारात येऊन उभा राहतो. रुग्णाला मात्र त्यात ठेवता येत नाही, कारण दाराशी दोन-तीन उंच पायऱ्या असतात आणि आतली वाट इतकी अरुंद की वॉकर वळत नाही. त्यामुळे आई घरात आणि मुलगी अंगणात अशी विभागणी होते. घरातल्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटला ३० अँपिअरचा ट्रेलर ॲडॉप्टर लावून जोडला, की एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह एकदम चालवता येत नाहीत. सांडपाण्याची टाकी भरली की ते चाकांच्या छोट्या टाकीत काढून दूरवर रिकामे करावे लागते, आणि हिवाळ्यात ट्रेलरमध्ये राहायचे नसेल तर नळांतले पाणी काढून त्यांत प्रॉपिलिन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण भरावे लागते, नाही तर पाणी गोठून नळ फुटतात. हे सारे सोसूनही ही व्यवस्था पसंत केली जाते, कारण रात्रीची हाक अंगणात ऐकू येते आणि तरीही दोन्ही बिऱ्हाडांना आपापले दार राहते. भाड्याच्या खोलीत यांपैकी पहिली गोष्ट साधत नाही आणि आईच्याच घरात राहिल्यास दुसरी.

कायद्याने या गरजेकडे पाहिले ते उशिरा, आणि उलट बाजूने. व्हर्जिनिया राज्याने २०१० साली, शुश्रूषा करणाऱ्याच्या जागेत रुग्णासाठी ३०० चौरस फुटांपर्यंतची तात्पुरती, हलवता येणारी खोली ठेवण्यास मुभा दिली. मिनेसोटाने २०१६ मध्ये सहा महिन्यांच्या आणि एकदा वाढवता येणाऱ्या परवान्याची अशीच तरतूद केली, पण स्थानिक संस्थांना ती नाकारण्याचा अधिकारही दिला, आणि अनेक शहरांनी तो लगोलग वापरला. दोन्ही कायद्यांत त्या खोलीत राहणारी व्यक्ती रुग्णच असावी लागते. रुग्ण घरात आणि शुश्रूषा करणारी धडधाकट मुलगी अंगणातल्या ट्रेलरमध्ये, ही प्रत्यक्षात आढळणारी रचना त्यांच्या व्याख्येबाहेरच राहते, आणि आवारात ट्रेलर किती दिवस उभा करता येईल आणि त्यात कोणी झोपावे की नाही, हे त्या त्या गावाच्या पार्किंगच्या नियमांवरच अवलंबून राहते.