दात येणाऱ्या बाळाच्या गळ्यात अंबरची माळ : उपाय की धोका?

दात येताना बाळाच्या हिरड्या दुखतात, लाळ गळते, चिडचिड वाढते. त्यावर ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून अंबरच्या मण्यांच्या माळा ऑनलाइन विकल्या जातात. त्यांचा खरेच उपयोग होतो का?

अंबर म्हणजे काय?
प्राचीन झाडांची राळ कोट्यवधी वर्षे जमिनीत राहून कठीण झाली, तेच अंबर. बाल्टिक समुद्राच्या परिसरातील अंबरमध्ये सक्सिनिक ॲसिड असते.

दावा काय?
अंगाच्या उबेने हे ॲसिड मण्यांतून सुटते, त्वचेतून शरीरात जाते आणि दुखणे कमी करते, असे विक्रेते सांगतात.

तथ्य काय?
मण्यांतून ॲसिड त्वचेत जाते, याचा पुरावा ऑस्ट्रेलियातील संशोधकांना मिळाला नाही. त्यांचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला.

धोका कोणता?
माळेने गळा आवळला जाऊ शकतो. ती तुटल्यास मणी घशात अडकू शकतो. अमेरिकेत १८ महिन्यांच्या मुलाचा दुपारच्या झोपेत अशाच माळेचा फास बसून मृत्यू झाला. तेथील अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८मध्ये या माळांविरुद्ध इशारा दिला.

मग काय करावे?
स्वच्छ बोटाने हिरड्या हलकेच चोळाव्यात. चावायला घट्ट रबरी टीदर द्यावा; तो फ्रीजरमध्ये गोठवू नये. जास्त ताप असल्यास ‘दात येताहेत’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

गळा आवळला जाण्याचा धोका दृष्टीसाठी बांधलेल्या काळ्या दोऱ्यातही असतो. त्यामुळे बाळाचा गळा मोकळा ठेवणेच उत्तम.