फर्निचर-विक्री व्यवसायातील पर्यावरणीय शाश्वतता : आयकिया कंपनीच्या प्रयत्नांचा अभ्यास आणि महाविद्यालयीन खरेदीसाठी त्याचा बोध

प्रस्तावना :

मार्चअखेर जवळ आली की प्रत्येक महाविद्यालयात डेडस्टॉक रजिस्टर बाहेर निघते. बाके, खुर्च्या, टेबले व कपाटे मोजली जातात. मोडलेल्या वस्तूंची वेगळी यादी होते, समिती त्यांच्या निर्लेखनाची शिफारस करते आणि नव्या खरेदीसाठी दरपत्रके मागवली जातात. ही प्रक्रिया आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात पर्यावरणाचा काही प्रश्न दडलेला असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पर्यावरण म्हटले की वृक्षारोपण, पाणी अडवणे आणि प्लास्टिकबंदी एवढेच विषय आपल्याला आठवतात.

वास्तविक पाहता लाकूड, लोखंड, रसायने, वीज आणि वाहतूक या सर्वांचा भार प्रत्येक बाकाबरोबर वर्गात येत असतो. हा भार कमी करण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रयत्न आयकिया या स्वीडनमध्ये उगम पावलेल्या फर्निचर-विक्रेत्या कंपनीने केले आहेत. या कंपनीचे भारतातील पहिले दालन 9 ऑगस्ट 2018 रोजी हैदराबाद येथे, तर महाराष्ट्रातील पहिले दालन 18 डिसेंबर 2020 रोजी नवी मुंबईतील तुर्भे येथे सुरू झाले. त्यामुळे हा विषय आता आपल्या राज्याच्या बाजारपेठेचाही झाला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

1. फर्निचरचा पर्यावरणीय भार कोणत्या टप्प्यांवर पडतो, हे समजून घेणे.
2. आयकियाच्या पर्यावरणविषयक उपाययोजनांचा व त्यांच्या मर्यादांचा परामर्श घेणे.
3. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या खरेदी व दुरुस्ती व्यवहारासाठी त्यातून कोणता बोध घेता येईल, याचा विचार करणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

फर्निचरचा पर्यावरणीय भार :

एखाद्या वस्तूचा पर्यावरणावरील परिणाम मोजताना कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचे सर्व टप्पे विचारात घेतात. यास जीवनचक्र मूल्यमापन असे म्हणतात. विजेचा दिवा किंवा मोटार यांचा मोठा भार प्रत्यक्ष वापराच्या काळात पडतो. फर्निचरचे तसे नाही. टेबल वापरताना वीज लागत नाही की इंधन जळत नाही. त्याचा बहुतांश भार ते वापरात येण्यापूर्वीच, म्हणजे जंगलात, कारखान्यात व रस्त्यावर पडून गेलेला असतो. आयकियाच्या एकूण हरितगृहवायू उत्सर्जनातही कच्च्या मालाचा वाटा जवळपास निम्मा आहे. याचा अर्थ असा की, फर्निचर दुकानात पोहोचेपर्यंत पर्यावरणाने त्याची बरीचशी किंमत मोजलेली असते. ती वस्तू पुढे किती वर्षे वापरली जाते, यावर ती किंमत सत्कारणी लागली की वाया गेली हे ठरते.

आयकियाचे प्रयत्न :

आयकियाची स्थापना 1943 साली इंगवार काम्प्राद यांनी केली. कंपनीचे पर्यावरणविषयक भान आरंभापासून होते असे म्हणता येणार नाही. 1980 च्या दशकात डेन्मार्कमध्ये फर्निचरमधून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या वायूच्या प्रमाणावरून कंपनीवर कारवाई झाली. 1992 मध्ये जर्मनीत तिच्या ‘बिली’ या सुप्रसिद्ध पुस्तकांच्या कपाटाबाबत पुन्हा तोच प्रश्न उद्भवला. कायदा आणि ग्राहकांची नाराजी या दोहोंच्या दबावाखाली कंपनीचे धोरण घडत गेले. 2012 साली तिने सर्वसमावेशक शाश्वतता धोरण जाहीर केले. त्यानुसार हाती घेतलेल्या प्रमुख उपाययोजना पुढीलप्रमाणे सांगता येतील.

1. लाकडाचा स्रोत : 1993 मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल या प्रमाणन संस्थेच्या संस्थापक सदस्यांमध्ये आयकियाचा समावेश होतो. आपण वापरत असलेल्या लाकडापैकी 97 टक्क्यांहून अधिक लाकूड या संस्थेने प्रमाणित केलेले अथवा पुनर्चक्रित असल्याचे कंपनी सांगते.

2. चिकटद्रव्य : लाकडाचा भुसा व बारीक तुकडे दाबून तयार केलेल्या पार्टिकल बोर्डमध्ये खनिज तेल व नैसर्गिक वायूपासून बनवलेली चिकटद्रव्ये वापरली जातात. 2030 पर्यंत अशा चिकटद्रव्यांचा वापर 40 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट कंपनीने ठेवले असून लिथुआनियातील आपल्या कारखान्यात मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले चिकटद्रव्य वापरण्यास सुरुवात केली.

3. शेतीतील टाकाऊ पदार्थांचा उपयोग : उत्तर भारतात भाताचा पेंढा शेतातच जाळला जातो व त्यामुळे हवा प्रदूषित होते. 2018 मध्ये कंपनीने या पेंढ्यापासून गृहोपयोगी वस्तू बनवण्याचा उपक्रम जाहीर केला आणि पुढे टोपल्या, दिव्यांची आवरणे यांसारख्या वस्तू बाजारात आणल्या. आपल्या भागातील वाचकांना ही कल्पना नवखी वाटू नये. उसाच्या बगॅसपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचा उद्योग सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे उभा राहिला होता.

4. वाहतूक : सुटे भाग सपाट खोक्यात भरून विकण्याची पद्धत कंपनीने 1956 पासून रूढ केली. खर्च वाचवणे हा तिचा मूळ हेतू होता. परंतु एका मालमोटारीत अधिक नग मावत असल्याने इंधनाचीही बचत झाली. भारतात हैदराबादच्या दालनापासूनच घरपोच वितरणाचा काही भाग विद्युत वाहनांकडे सोपवण्यात आला.

5. ऊर्जा व कागद : 2015 पासून कंपनीने आपल्या दालनांत केवळ एलईडी दिव्यांची विक्री ठेवली. 1951 पासून निघणारी व 2016 मध्ये सुमारे 20 कोटी प्रती छापली गेलेली वार्षिक सूचीपुस्तिका बंद करण्याचा निर्णय डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झाला. हा निर्णय ग्राहकांच्या बदललेल्या सवयींमुळे झाला असला तरी कागदाची मोठी बचत त्यातून साधली गेली.

6. पुनर्वापर : नोव्हेंबर 2020 मध्ये 27 देशांत ग्राहकांकडील वापरलेले फर्निचर परत विकत घेण्याची मोहीम राबवण्यात आली. त्यापूर्वी 2019 मध्ये फर्निचर भाड्याने देण्याचे प्रयोगही जाहीर झाले होते.

2016 हे आधारवर्ष मानून 2030 पर्यंत एकूण उत्सर्जन निम्म्यावर आणणे आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्यावर नेणे, असे कंपनीचे उद्दिष्ट आहे. 2023 च्या आर्थिक वर्षापर्यंत उत्सर्जनात आधारवर्षाच्या तुलनेत एक पंचमांशाहून अधिक घट झाल्याचे कंपनीने नमूद केले असून याच काळात तिची विक्री वाढलेली आहे. विक्री वाढूनही उत्सर्जन घटणे ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रयत्नांच्या मर्यादा :

वरील प्रयत्नांचे श्रेय मान्य करूनही दोन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा प्रमाणपत्राच्या विश्वासार्हतेची आहे. 2020 मध्ये ‘अर्थसाइट’ या ब्रिटिश संस्थेने आपल्या अहवालात, युक्रेनमधील अवैधरीत्या तोडलेले लाकूड प्रमाणित लाकूड म्हणून आयकियाच्या पुरवठा साखळीत पोहोचल्याचा आरोप केला. त्यानंतर प्रमाणन यंत्रणेकडून चौकशी झाली. या प्रकरणातून एवढे निश्चित दिसते की, शिक्का असणे आणि प्रत्यक्ष जंगलात नियम पाळले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जितकी साखळी लांब, तितकी तिच्यावर देखरेख कठीण.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. स्वस्त वस्तू मोठ्या संख्येने विकणे हा या व्यवसायाचा पाया आहे. पार्टिकल बोर्ड हलका व स्वस्त असतो आणि त्यात लाकडाचा कणही वाया जात नाही. परंतु पाणी लागले की तो फुगतो व स्क्रूचे भोक एकदा सैल झाले की त्यात स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही. अशी वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणे ग्राहकाला सोयीचे वाटते. जानेवारी 2016 मध्ये कंपनीचे तत्कालीन शाश्वतता-प्रमुख स्टीव्ह हॉवर्ड यांनीच पाश्चात्त्य देशांत वस्तूंच्या उपभोगाने शिखर गाठले असल्याचे मत जाहीरपणे मांडले होते. विक्री वाढवत राहायचे आणि उपभोग मर्यादित असावा असेही म्हणायचे, ही या व्यवसायातील अंतर्गत विसंगती आहे. वस्तू परत घेणे, सुटे भाग पुरवणे व भाड्याने देणे हे उपाय या विसंगतीतून मार्ग काढण्यासाठीच पुढे आले आहेत.

आयुष्यमानाचे गणित :

हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका हलक्या बाकाच्या निर्मितीचा पर्यावरणीय भार 100 एकक आहे व ते 6 वर्षे टिकते. दुसऱ्या भक्कम बाकाचा भार 160 एकक आहे, पण ते 20 वर्षे टिकते. खरेदीच्या दिवशी पहिले बाक अधिक पर्यावरणपूरक दिसेल. मात्र प्रतिवर्षी भार काढला तर पहिल्याचा सुमारे 16.7 एकक व दुसऱ्याचा केवळ 8 एकक येतो. आता पहिल्या बाकावर 10 एकक भाराची दुरुस्ती करून ते 10 वर्षे चालवले, तर त्याचाही वार्षिक भार 11 एककांवर उतरतो. म्हणजेच वस्तू कशापासून बनली या प्रश्नाइतकाच, किंबहुना अधिक, ती किती काळ वापरली जाते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रातील घराघरांत याचे उदाहरण पाहावयास मिळते. गोदरेज कंपनीने 1923 पासून पोलादी कपाटे बनवण्यास आरंभ केला. पोलादनिर्मितीला प्रचंड ऊर्जा लागते. तथापि लग्नात घेतलेले कपाट पुढील पिढीच्या संसारातही उभे असते. त्याच्या निर्मितीचा भार कित्येक दशकांवर विभागला जातो.

ग्रामव्यवस्थेतील सुतार :

खर्डा हे गाव इतिहासात 1795 च्या मराठे-निजाम लढाईमुळे परिचित आहे. जामखेड तालुक्यातील या अवर्षणप्रवण परिसरात शेतीच्या अवजारांसाठी बाभळीसारखे स्थानिक लाकूड वापरात राहिले आहे. लाकूड मुबलक नसलेल्या प्रदेशात ते जपून वापरणे ही गरजच असते. जुन्या ग्रामव्यवस्थेचे विवेचन त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात आढळते. या व्यवस्थेत सुतार हा बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर यांची वर्षभराची दुरुस्ती करावयाची आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यावयाचे, असा हा व्यवहार होता. येथे सुताराचा मोबदला नव्या वस्तूच्या विक्रीशी मुख्यत्वे जोडलेला नव्हता. अवजार चालू ठेवणे हेच त्याचे काम होते. अवजार जितके टिकेल, तितके त्याचे श्रम वाचत.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती जन्माधिष्ठित विषमतेवर उभी होती व कारागिराला आपल्या श्रमाची किंमत ठरवण्याचे स्वातंत्र्य तिने दिले नाही. परंतु ‘विक्रीऐवजी देखभालीसाठी मोबदला’ हे तिच्यातील आर्थिक सूत्र, आज चक्रीय अर्थव्यवस्थेच्या नावाने मोठ्या कंपन्या ज्याचे प्रयोग करीत आहेत, त्याच्याशी जुळणारे आहे. जातीचे बंधन वगळून आणि रोख, न्याय्य मोबदला देऊन हे सूत्र आजही स्वीकारता येण्याजोगे आहे.

महाविद्यालयांसाठी उपाययोजना :

नॅकच्या मूल्यांकनातील सातव्या निकषाने पर्यावरण व हरित लेखापरीक्षणाचा विषय महाविद्यालयांच्या दारी आणला. हरित लेखापरीक्षणात झाडे, वीज व पाणी यांची नोंद होते. फर्निचरचाही त्यात समावेश व्हावा. त्यासाठी पुढील उपाय सुचवता येतील.

1. निर्लेखनाच्या यादीत ‘दुरुस्तीयोग्य’ व ‘दुरुस्तीपलीकडील’ असे दोन भाग करावेत. मागच्या व्हरांड्यात रचलेल्या बाकांपैकी अनेकांची केवळ एखादी फळी निखळलेली किंवा जोड सुटलेला असतो.
2. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये खरेदीचे वर्ष, दुरुस्तीचे वर्ष व दुरुस्तीचा खर्च यांचे रकाने असावेत. त्याशिवाय कोणती वस्तू किती टिकली हे कळणार नाही.
3. दरपत्रकांच्या तुलनात्मक तक्त्यात किंमतीबरोबर अपेक्षित आयुष्य लिहून प्रतिवर्षी खर्च काढावा. सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी खर्च असे नेहमीच नसते.
4. मागणीपत्रात सांध्याचा प्रकार, सुटे भाग मिळण्याची हमी, बोर्डमधील फॉर्मल्डिहाइडची श्रेणी आणि लाकडाच्या स्रोताचा पुरावा यांचा उल्लेख करावा. लाकूड स्थानिक आहे म्हणून ते आपोआप वैध किंवा पर्यावरणपूरक ठरत नाही.
5. गावातील सुतार व वेल्डिंग कारागीर यांच्याशी वार्षिक देखभालीचा करार करावा. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम करून घेता येईल.
6. वाणिज्य व पर्यावरण विषयाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी स्वतःच्या महाविद्यालयाचे फर्निचर हाच विषय द्यावा.

समारोप :

आयकियाच्या उदाहरणावरून असे दिसते की, कायद्याचा धाक, जागरूक ग्राहक व निश्चित उद्दिष्ट असेल तर मोठा विक्रेताही आपला पर्यावरणीय भार घटवू शकतो. त्याच वेळी हेही दिसते की, विक्रेत्याने कितीही सुधारणा केल्या तरी वस्तूचे आयुष्य अखेरीस वापरणाऱ्याच्या हाती असते. तुर्भ्याच्या दालनात काय विकले जावे हे खर्ड्यातील महाविद्यालय ठरवू शकत नाही. आपल्या आवारातील बाक भंगारात जाईल की पुन्हा वर्गात जाईल, हे मात्र येत्या मार्चमध्ये आपल्याच समितीच्या स्वाक्षरीने ठरणार आहे. वर्गात शाश्वत विकास शिकवणाऱ्या प्राध्यापकवर्गाने त्या स्वाक्षरीपूर्वी ते बाक एकदा प्रत्यक्ष पाहून यावे, एवढीच अपेक्षा आहे.