नाचणारे जोडपे आणि नाच टिकवणारा पडदा

एखाद्या नर्तक दांपत्याच्या जीवनावरचा अनुबोधपट कधी पाहायला मिळाला, तर त्यात पाहावे काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. आम्हां कोकणातल्या माणसांना नाच काही परका नाही. पनवेलजवळचे विचुंबे घ्या, की आसपासचे दुसरे कुठले गाव घ्या, गौरी-गणपतीत बाल्या नाच असतो आणि लग्नात कोळीगीतांवर पाय थिरकतात. पण तो नाच साऱ्या गावाचा. म्हातारा थांबला की पोरगा उभा राहतो. नवनृत्याचे तसे नाही. ते कुणा एकाच्या डोक्यातून निघते आणि तो माणूस गेला की त्याच्यासंगे जाऊही शकते. इथेच जोडीदाराचे महत्त्व आहे.

नवनृत्य म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. कथकली, मणिपुरी, भरतनाट्यम् यांची रीत परंपरेने घालून दिलेली असते. नवनृत्यवाला या सगळ्यांतून हवे ते उचलतो, लोकांच्या रोजच्या हालचालीही घेतो, आणि आज जे सांगायचे त्यासाठी नवी रचना करतो. आपल्याकडे ही वाट उदय शंकर यांनी पाडली. गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, पुढे चित्रकला शिकायला लंडनला गेले. तिथे आन्ना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीने त्यांना १९२३ साली आपल्या मंडळीत घेतले आणि चित्रकाराचा नर्तक झाला. पुढे अल्मोड्याला त्यांनी कलाकेंद्र काढले. ते थोडीच वर्षे चालले, पण त्यातून निघालेली माणसे पहा : जोहरा सेहगल, गुरुदत्त, सचिन शंकर, नरेंद्र शर्मा आणि शांती बर्धन.

या शांती बर्धनांची हकीकत मुंबईशी फार जवळची. गाव त्यांचे पूर्व बंगालातले कोमिल्ला. १९४३ साली मुंबईत 'इप्टा' ही लोकनाट्याची चळवळ उभी राहिली. तिचे मध्यवर्ती पथक अंधेरीला एका बंगल्यात एकत्र राहत असे. स्वयंपाक एक, तालीम एक. बंगालच्या दुष्काळाची भूक नाचातून गावोगाव दाखवून मदत गोळा करायची, असा बेत. बर्धन नृत्य बसवीत आणि पुढे संगीताला रविशंकर आले. याच पथकात गुल झवेरी ही मुंबईची गुजराती मुलगी नाचत होती. तीच पुढे गुल बर्धन झाली.

पथक मोडले. बर्धनांना क्षयाने गाठले. नर्तकाला क्षय म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. नाचाचे सारे भांडवल श्वासावर. तरी त्या दुखण्यातून उठून त्यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढले आणि 'रामायण' बसवले. त्यात माणसेच कठपुतळ्या झाली.

ही कल्पना जरा उलगडून सांगतो. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना चटकन उमजेल. बाहुली स्वतः हलत नाही, दोरा ओढला की तिचा हात उचलला जातो. आता हेच जिवंत माणसाने करायचे. अंग लाकडासारखे ठेवायचे, हालचाल फक्त सांध्यातून, आणि प्रत्येक वेळी वाटले पाहिजे की वरून कुणीतरी दोरा ओढतो आहे. तोंडावर मुखवटा, म्हणजे डोळ्यांचा, ओठांचा अभिनय गेला. मग सीतेचे दुःख दाखवायचे कसे? मान किती झुकली, पाऊल किती उशिरा पडले, एवढ्यावर. सोपे वाटते खरे, पण दहा मिनिटे करून पहा, खांदे भरून येतात. माझ्या मते आपल्या नवनृत्यातली याहून अस्सल देशी कल्पना दुसरी सापडणे कठीण.

दुसरी रचना 'पंचतंत्रा'ची घेतली होती. ती पुरी होण्याआधीच, १९५४ साली, शांती बर्धन गेले. त्यांची आणि गुल यांची सोबत संपली तेव्हा मंडळ अवघे दोन वर्षांचे होते.

आता विचार करा. नाचाची पोथी नसते. गवयाची निदान ध्वनिमुद्रिका निघते, इथे तेही नाही. रचना होती ती नाचणाऱ्यांच्या अंगात. मंडळ त्या दिवशी फुटले असते, तर 'रामायण' फक्त जुन्या मुंबईकरांच्या आठवणीत उरले असते. गुल बर्धन यांनी ते फुटू दिले नाही. प्रभात गांगुलींसारख्या सहकाऱ्यांना धरून त्यांनी 'पंचतंत्र' तडीस नेले. १९६४ साली मंडळ ग्वाल्हेरला हलले, पुढे भोपाळला. जुने नर्तक गळाले की नव्यांना तीच मान, तेच पाऊल शिकवायचे, असे हे २०१० साली त्यांचे निधन होईपर्यंत चालले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. नवऱ्याबरोबर काम करायला मिळाले ती वर्षे बोटांवर मोजावीत, आणि नंतरची छप्पन्न!

उदय शंकर आणि अमला शंकर यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांनी पडद्याचा आधार घेतला. १९४८ सालचा 'कल्पना' हा चित्रपट. हा काही अनुबोधपट नव्हे, त्याला कथानक आहे. खरे सांगायचे तर कथानक थोडे विस्कळीतच आहे. पण अल्मोड्याच्या कलेचा खरा दस्तऐवज म्हणाल तर तोच. पतिपत्नी दोघेही त्यात नाचली. आपल्या वसईच्या उषा किरण यांचेही पडद्यावरचे पहिले पाऊल त्यातच पडले. चित्रपटाने पैसा मिळवला नाही, आणि मूळ फितीही पुढे जीर्ण झाल्या. त्या दुरुस्त होऊन २०१२ साली कान येथील महोत्सवात 'कल्पना' पुन्हा दाखवला गेला, तेव्हा उदय शंकर जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. अमलाबाई मात्र हजर होत्या. नव्वदी ओलांडलेली बाई समोरच्या पडद्यावर आपलेच तरुण पाऊल पाहत होती. २०२० साली त्या गेल्या, वयाच्या १०१ व्या वर्षी.

'कल्पना' पाहाल तेव्हा गोष्टीच्या मागे फार लागू नका. दोघे एकत्र नाचतात त्या जागी डोळे नायकावर खिळतात, ते जरा बाजूला न्या आणि अमलाबाईंचे हात पहा.