तोडलेल्या डहाळीचे आयुष्य

भाद्रपद महिना जवळ आला, की पेणच्या बाजारपेठेत हिरव्या रंगाला जणू भरती येते. हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मूर्ती घरी आली, की तिच्याभोवती आरास हवी. म्हणून पेण व रोहा तालुक्यांच्या डोंगरांतून आंब्याच्या डहाळ्या, दूर्वा, गौरीसाठी तेरडा आणि नेच्याची झालरीसारखी पाने बाजारात येऊ लागतात. कातकरी व ठाकर स्त्रिया भल्या पहाटे रानात जाऊन हे भारे बांधतात. रानातून बाजारात येईपर्यंत पाने कोमेजली, तर त्यांचे सारे श्रम मातीमोल होतात.

देठ तोडला, की पान मेले, असे पुष्कळांना वाटते. परंतु ते खरे नव्हे. तोडलेले पान काही काळ जिवंतच असते. ते श्वसन करते आणि आपल्या सूक्ष्म रंध्रांवाटे पाण्याची वाफ बाहेर टाकते. मात्र पाणी पुरविणारे मूळ आता त्याला दुरावलेले असते. खर्च चालू आणि आवक बंद, अशी त्याची अवस्था होते.

झाडातील पाणी केसाहून बारीक अशा नळ्यांतून वर चढते. पाने वाफ सोडतात, तसतसे खालचे पाणी वर ओढले जाते, असा सिद्धांत डिक्सन व जोली या डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी १८९४ साली मांडला. नळीतील पाणी ताणलेल्या दोरीसारखे असते. देठ कापताच ही दोरी तुटून आत ओढली जाते व नळीच्या तोंडाशी हवा शिरते. मग देठ पाण्यात ठेवला, तरी पाणी सहज वर चढत नाही.

हे कारण कळले, की उपायही सुचतो. रात्रीच्या गारव्यात पाने पाण्याने भरलेली असतात. म्हणून डहाळी पहाटेच तोडावी. भारा सावलीत ठेवून ओल्या फडक्याने झाकावा. घरी आणल्यावर देठाचे टोक पाण्यात बुडवावे आणि पाण्यातच पेरभर तिरपे कापावे. त्यामुळे हवेने अडलेला भाग निघून जातो, आणि तिरपा काप भांड्याच्या तळाशी टेकून बंद होत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली, की जंतू वाढतात आणि नळ्या बुजतात. याच कारणासाठी पाणी रोज बदलावे व भांडे घासून घ्यावे. ऊन आणि वारा यांपासून डहाळी दूर ठेवावी. पिकलेली केळीही तिच्याजवळ नसावीत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने लवकर पिवळी पडतात.

आंब्याचे जाड, तुकतुकीत पान पुष्कळ दिवस टिकते, तर कोवळा तेरडा लवकर मान टाकतो. प्रत्येक पानाचा स्वभाव निराळा असतो. पाण्याची गरज मात्र सर्वांना सारखीच असते. घरातील एक डहाळी अधिक दिवस टिकली, तर रानातील दुसरी डहाळी तोडावी लागत नाही. भारा वाहून आणणारीच्या कष्टांचे चीज होते आणि झाडही फांद्यांनी भरलेले राहते.