परसबागेची पूर्वतयारी : आधी माती, मग पाणी

नागपूर परिसरातील काळी माती कसदार खरी. परंतु तिचा स्वभाव ओळखल्यावाचून परसबाग फुलत नाही. ही चिकण माती पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा हा रोगजंतू बळावतो. संत्र्याची मुळे कुजतात, बुंध्यातून डिंक वाहतो आणि वर्षानुवर्षे जोपासलेले झाड हातचे जाते.

म्हणून भाजीपाल्यासाठी गादीवाफे करून त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, असे आम्ही सुचवतो. येथील काळ्या मातीत बहुधा चुनखडी असते. तेव्हा वेगळा चुना टाकू नये. फळझाडाचा खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. पावसाळ्यात कलम लावताना त्याचा सांधा जमिनीच्या वर राहील अशी दक्षता घ्यावी.

पाण्यासाठी झाडाभोवती दुहेरी आळे करावे. पाणी बाहेरच्या आळ्यातच सोडावे, म्हणजे खोड कोरडे राहते. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा वाळलेल्या पानांचे आच्छादन घालून सायंकाळी पाणी द्यावे. पेंच व कन्हान या नद्यांचे पाणी आपणा सर्वांचे आहे; भाजी धुतलेले पाणी वाफ्याला दिल्यास तेवढीच बचत होईल.