चाळीस हजारांचा टेनर आणि आजोबांचा सेल्मर

दिवाळीच्या सुटीत अक्काकडे सुरतेला गेलो होतो. नानपुऱ्यातल्या तिच्या जुन्या घरात पाऊल ठेवले आणि लक्षात आले, की घरात काहीतरी धुमसते आहे. फराळाचे ताट पुढे आले, चहा झाला आणि मग अक्कानेच विषय काढला. "तू कॉलेजात शिकवतोस, चार पुस्तकं वाचतोस. आता तूच सांग, सासऱ्यांचा सॅक्सोफोन विकायचा की ठेवायचा?"

अक्काचे सासरे सुरतेत बँड मास्तर होते. गुजराती वरघोडा असो, मराठी लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, त्यांचा टेनर सॅक्सोफोन पुढे असायचा. मुंबईच्या एका गोवेकर वादकाकडून त्यांनी तो 1978 साली हप्त्याहप्त्याने विकत घेतला होता. तीन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून वाद्य पेटीत पडून होते. आता मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्याला पाच लाख रुपये देऊ केले होते. भाचीला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला पाठवायचे होते. इकडे इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला आजोबांचा नाद लागलेला. तो शनिवारी-रविवारी एका बँडमध्ये वाजवतो आणि त्यासाठी त्याने चाळीस हजारांचा नवा चिनी बनावटीचा टेनर पाहून ठेवला होता. चार दिवस वाजवून बघ म्हणून दुकानदाराने तो घरी दिला होता. म्हणजे एकाच कॉटवर दोन वाद्ये शेजारी शेजारी. एक आरशासारखे चकचकीत, दुसरे लॅकर उडून तपकिरी पडलेले, जुन्या पितळी तपेल्यासारखे.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना सॅक्सोफोन परका नाही. कर्नाटकात तो ज्यांनी घराघरात नेला ते कद्री गोपालनाथ दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बंटवाळ तालुक्याचे. वडील नागस्वर वाजवायचे. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि हेच वाद्य शिकायचे असे ठरवले. या परदेशी वाद्यावर कर्नाटक संगीतातली गमके काढायला त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. 1994 साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये ते वाजले, त्याच वर्षी के. बालचंदर यांच्या 'ड्युएट' या तमिळ चित्रपटात त्यांचा सॅक्सोफोन गाजला आणि 2004 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर 2019 मध्ये ते गेले. आज मंगळूरकडच्या देवळांत आणि लग्नांत नागस्वराच्या जागी सॅक्सोफोन सर्रास ऐकू येतो, तो त्यांच्यामुळेच. हिंदी चित्रपटसंगीतात हेच काम मनोहारी सिंग यांनी केले. 'काश्मीर की कली' (1964) मधला त्यांचा सॅक्सोफोन आमच्या पिढीच्या कानात अजून आहे.

गोपालनाथ वाजवायचे तो आल्टो. टेनर त्याच्याहून मोठा, त्याची मान वाकडी आणि आवाज खर्जाकडचा, पुरुषाच्या गळ्याला जवळचा. पेटीच्या भाषेत सांगायचे तर टेनरवर साधा 'सी' वाजवला की काळी पाचचा सूर येतो, आल्टोवर काळी दोनचा. वाद्य पितळेचे असले तरी तोंडाशी वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड असते. ती थरथरते तेव्हा सूर निघतो. म्हणून सॅक्सोफोनची गणती सनई-क्लॅरिनेटच्या कुळात होते, ट्रम्पेटच्या नाही. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ साक्स यांनी 1846 साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. नळी शंकूसारखी रुंदावत जाणारी, त्यावर वीसहून जास्त भोके आणि प्रत्येक भोकावर चामड्याचे पॅड. हे पॅड नीट बसले नाही की हवा गळते आणि सूर फाटतो. जुन्या-नव्याच्या वादातली निम्मी गोष्ट या पॅडपाशीच आहे, हे मला त्या चार दिवसांत कळले.

आजोबांचे वाद्य पॅरिसच्या सेल्मर कंपनीचे, मार्क सिक्स नावाच्या मॉडेलचे. हे मॉडेल 1954 साली निघाले आणि टेनरमध्ये 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिले. जॉन कोल्ट्रेनसारख्या जॅझ वादकांच्या हाती ते दिसले आणि त्याला सोन्याचा भाव आला. त्याच्याबद्दल दंतकथाही पुष्कळ. महायुद्धातल्या तोफगोळ्यांची टरफले वितळवून हे पितळ केले, म्हणून आवाज असा, असे व्यापारी छातीठोकपणे सांगतात. याला पुरावा नाही. आवाज ठरतो तो मुख्यतः नळीच्या आतल्या आकारावर, म्हणजे ती किती आणि कुठे रुंदावते, मान कशी आहे आणि भोके कुठे पाडली आहेत यावर. पितळ कोणत्या टरफलाचे, यावर नव्हे.

म्हटले, वादापेक्षा पारख करू. भाच्याला सांगितले, "एकच माउथपीस आणि एकच रीड दोन्ही वाद्यांना लाव." हे महत्त्वाचे. टेनरच्या आवाजातला मोठा वाटा माउथपीसचा आणि वाजवणाऱ्याच्या तोंडाचा असतो. नव्या वाद्याबरोबर आलेला प्लॅस्टिकचा तुकडा आणि आजोबांचा जुना एबोनाइटचा माउथपीस अशी तुलना केली असती तर निकाल आधीच ठरला असता.

आधी सुरांची तपासणी. मोबाइलवरच्या ट्यूनरसमोर नवे वाद्य मधल्या सप्तकात बिनचूक निघाले. वरच्या टोकाला थोडे चढत होते, पण आवरण्याजोगे. जुन्यात काही सूर मुळातच इकडेतिकडे होते आणि ते ओठांनी सांभाळून घ्यावे लागत होते. खालच्या शेवटच्या दोन सुरांना तर जुने वाद्य चक्क गुरगुरले. मग खोलीत अंधार केला आणि दिवाळीच्या माळेतली एक बारीक दिव्याची लडी नळीत सोडली. चार पॅडच्या कडांतून उजेड झिरपताना दिसला. जिथून उजेड येतो तिथून हवा जाते. दोष फ्रेंच कारागिराचा नव्हता, सुकलेल्या चामड्याचा होता.

त्या चामड्याचाही इतिहास आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर तापीचा पूर सुरतेत शिरला, तेव्हा तळमजल्यावरची ही पेटी दोन दिवस पाण्याखाली होती. सगळे पॅड कुजले. पितळ मात्र टिकले. आजोबांनी मुंबईला नेऊन सगळे पॅड बदलून आणले आणि त्याच वर्षी लग्नसराईत पुन्हा वाजवायला उभे राहिले. चांगल्या जुन्या वाद्याचे मोल इथे कळते. त्याचा सांगाडा इतका भक्कम असतो, की ते पुन्हा पुन्हा उभे करता येते.

स्वस्त वाद्याची शंका नेमकी इथेच आहे. आज ते सुरेख वाजते. पण भाच्याने एक चावी हलक्या हाताने दाबून दाखवली, ती किंचित लवली. धातू मऊ. जी-शार्पचे पॅड चिकटत होते, दर वेळी बोटाने उचलावे लागत होते. रोज गाडीवरून नेले, धक्के लागले, तर दोन-तीन वर्षांनी याची काय अवस्था होईल? दुसरी बाजूही त्याने तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली. "मामा, नव्याच्या चाव्या बोटाखाली आपसूक येतात. वरचा एफ-शार्प आहे, तो आजोबांच्याला नाही. आणि खरं सांगू, हा घेऊन मी वरातीत निवांत उभा राहीन. आजोबांचा घेतला तर सगळं लक्ष गर्दीकडे. कुणाचा धक्का लागला तर?"

शेवटी कानांची परीक्षा घेतली. मधल्या दारावर चादर टांगली, भाचा पलीकडे. तेच चार आलाप त्याने सहा वेळा वाजवले, कधी या वाद्यावर, कधी त्या. प्रत्येकाने कागदावर 'जुना' की 'नवा' ते लिहायचे. मला सहापैकी तीन आले, म्हणजे नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. भावजींना दोन. अक्काच्या सासूबाईंना मात्र सहाच्या सहा! मी थक्क झालो. विचारले, "मावशी, आवाजातला एवढा फरक तुम्हाला कळला?"

त्या हसल्या. "आवाजातलं मला काय कळतंय भाऊ? त्यांच्या सॅक्सोफोनच्या चाव्या खडखडतात. चाळीस वर्षं ऐकलंय ते."

त्या हसण्यात सगळेच सामील झाले. पण भाचा गंभीरपणे म्हणाला, "ऐकणाऱ्याला फरक नसेल, मला आहे. जुन्यात हळू फुंकलं तरी सूर भरून येतो. नव्यात जोर लावला की एका पातळीनंतर आवाज नुसता मोठा होतो, गोल होत नाही." हे मला पटले. दोन वाद्यांतला फरक श्रोत्यापेक्षा वादकाला अधिक जाणवतो. वाद्य साथ देते आहे असे वाटले की माणूस जास्त वेळ रियाज करतो, आणि तो रियाज पुढे श्रोत्याला ऐकू येतो.

तरीही स्वस्त वाद्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. मे 1953 मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमधल्या गाजलेल्या मैफलीत थोर जॅझ वादक चार्ली पार्कर यांनी प्लॅस्टिकचा ग्राफ्टन आल्टो वाजवला होता. पितळी आल्टोपेक्षा स्वस्त पडावा म्हणूनच तो लंडनमध्ये तयार झाला होता. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण लोक आजही ऐकतात आणि वाद्य प्लॅस्टिकचे होते हे सांगावे लागते. 1994 साली तेच वाद्य लिलावात निघाले, तेव्हा पार्कर यांच्या कान्सास सिटीने ते मोठी किंमत मोजून आपल्या संग्रहालयासाठी घेतले. वाद्याची किंमत वादकामुळे वाढली, उलट नव्हे.

मराठीत आपण म्हणतो, जुने ते सोने. कानडीत म्हणतात, 'बेळ्ळगिरुवुदेल्ल हालल्ल', पांढरे दिसते ते सगळेच दूध नसते. आपल्या दुभाषी घरांना या दोन्ही म्हणी जवळ ठेवण्याची सोय आहे. म्हणून कुणाला मुलासाठी सॅक्सोफोन घ्यायचा असेल तर दोन शब्द सांगतो. नवा असो की जुना, सोबत वाजवणारा माणूस न्यावा. खालचा शेवटचा सूर हळू फुंकून पाहावा. तो सहज आला तर पॅड ठीक आहेत. चाव्यांचे दांडे हलवून खेळ आहे का ते बघावे. जुन्या वाद्यात मान मूळचीच आहे का, ती ओढली जाऊन वाकली आहे का, हे तपासावे. दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावा. आणि हाताशी थोडे पैसे उरत असतील तर ते वाद्याच्या चकाकीपेक्षा चांगल्या माउथपीसवर घालवावेत.

राहिला अक्काचा प्रश्न. शेवटच्या रात्री जेवणे झाल्यावर पुन्हा तोच विषय निघाला. भावजी म्हणाले, "बाबांची आठवण आहे, विकायला मन होत नाही." अक्का गप्प. तिच्या डोळ्यांसमोर मुलीची फी होती आणि तिचे चूक नव्हते. भाचीच म्हणाली, "माझ्यासाठी आजोबांचं वाद्य विकलं असं नको. मी शैक्षणिक कर्ज काढते." त्यावर मावशी बोलल्या. "आठवण पेटीत ठेवून काय करायची? पेटीत ठेवलं की हिरवं पडतं. वाजवणारा असेल तर ठेवा. नसेल तर दुसऱ्या वाजवणाऱ्याला द्या, कपाटात मांडणाऱ्याला नको. त्यांनी कर्ज काढून घेतला तो वाजवायला."

या बोलण्याने वाट निघाली. चाळीस हजारांचा टेनर भाच्याने बँडच्या कमाईतून हप्त्यावर घ्यायचा आणि वराती, मिरवणुका त्यावर करायच्या. आजोबांचे वाद्य घरात राहील, रोज एक तास रियाजाला. गळणारे चार पॅड तेवढे आता बदलायचे, संपूर्ण दुरुस्तीचा खर्च नंतर. मुदत पुढच्या गणेश चतुर्थीपर्यंत. तोवर रियाज टिकला तर सेल्मर त्याचा. नाही टिकला तर तो एखाद्या वादकाला विकायचा आणि पैसे भाचीच्या कर्जात भरायचे. भाचीने हे सगळे वहीत लिहून त्याची सही घेतली.

परत निघालो त्या सकाळी सहाच्या सुमाराला जाग आली ती आवाजाने. माडीवर एकच लांब सूर चालला होता, खर्जातला. मध्येच तो गुरगुरायचा, तुटायचा आणि पुन्हा लागायचा. स्वयंपाकघरात मावशी चहाचे आधण ठेवून उभ्या होत्या. मी विचारले, "कुठला वाजतोय मावशी?"

"खडखडतोय की," त्या म्हणाल्या आणि साखरेचा डबा शोधू लागल्या.