भिंत काढण्याआधी खण मोजा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दगड-मातीच्या भिंती आणि लाकडी माडी असलेली घरं अजून उभी आहेत. अशा घरात खाली दुकानाचा गाळा काढायचं ठरलं, की नजर मधल्या भिंतीवर जाते आणि ती काढावी का, हे वरच्या कड्यांची जाडी बघून ठरतं. आधी बघायला हवा तो खण, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. जुन्या सुतारांनी घर खणांत मोजलं ते उगाच नाही. कडी असो वा तुळई, तिचं माप त्या अंतरावरच बेतलेलं असतं.

हिशेबच मांडू. 7.5 सेंमी रुंद, 15 सेंमी उंच सागवानी कड्या अर्ध्या-अर्ध्या मीटरवर टाकल्या आहेत. खाली 3 मीटरची खोली, भिंतीपलीकडे दीड मीटरचा बोळ आणि दोन्हींवरून गेलेली एकच सलग कडी. माणसं आणि सामान यांच्यासाठी आयएस 875 हे भारतीय मानक राहत्या खोलीत दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरायला सांगतं. पाटावरच्या मातीच्या थराचं वजनही तेवढंच धरलं, तर खोलीवर कडी फार तर सेंटिमीटरभर वाकते. तेवढं चालतं. आता भिंत काढली, की अंतर दीडपट होतं. पण बाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून तो पाच सेंटिमीटरवर जातो. लाकडावरचा ताणही किमान सव्वादोन पट होऊन सुरक्षित मर्यादा ओलांडतो. उंचीचं महत्त्वही असंच आहे. हीच कडी आडवी टाकली तर ताकद निम्मी होते आणि बाक चौपट, लाकूड मात्र तेवढंच.

यावर हमखास ऐकू येतं, 'घर शंभर वर्षं उभं आहे, त्याला काय होतंय?' घरानं जे पेललं ते त्या काळचं ओझं, त्या काळच्या आधारांवर. हजार लिटरची भरलेली टाकी जेमतेम एका चौरस मीटरवर एक टन टाकते, म्हणजे मानकात धरलेल्या भाराच्या पाचपट. शिवाय इथल्या पावसात ओल धरलेल्या भिंतीत कडीचं टोक आतून कुजतं, ते बाहेरून दिसतही नाही. टोच्या सहज रुतला, तर वरच्या जाडीला काही अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर टाकला की झालं. उपाय योग्य आहे, पण अर्धा. कड्यांवरचा निम्म्याहून अधिक भार या मधल्या आधारावरच येतो. भिंत तो आपल्या सगळ्या लांबीवर पसरून जमिनीत सोडत होती. गर्डर तो दोन टोकांवर आणून ठेवतो. मातीच्या जुडाईची भिंत असा एकवटलेला भार सहसा सोसत नाही. म्हणून टोकांखाली खांब हवेत. तेही फरशीवर टेकवून चालणार नाही, त्यांचा पाया खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. खांब सडपातळ असेल तर त्याची उंचीही बघावी लागते: आधाराविना उंची दुप्पट झाली, की तो चौथ्या हिश्श्याच्या भारालाच वाकून निकामी होतो.